कल आणि कौल : विस्कॉन्सिनच्या निमित्ताने जनमत चाचण्यांचा विचार



गोव्यात 'ओपिनियन पोल' हे दोन शब्द उच्चारले की ज्येष्ठांच्या मनात एकच तारीख उभी राहते : १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा, हा प्रश्न त्या दिवशी मतदारांपुढे ठेवण्यात आला होता. विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेशाच्या 'दोन पानां'ना १,७२,१९१. ३४,०२१ मतांच्या अंतराने प्रश्न निकाली निघाला. त्या निर्णयाविषयी आपापल्या घरांत त्या काळी काय काय बोलले गेले, हा आजचा विषय नव्हे. मला लक्ष वेधायचे आहे ते केवळ नावाकडे. कायद्याने त्या मतदानाला 'ओपिनियन पोल' म्हटले. परंतु जगात इतरत्र हे शब्द ज्या गोष्टीसाठी रूढ आहेत, ती गोष्ट ही नव्हेच. १९६७ साली मतदार स्वतः पेटीपर्यंत गेले आणि पडलेले प्रत्येक मत मोजले गेले. तो कौल होता. इतरत्र 'ओपिनियन पोल' म्हणजे हजार-बाराशे माणसांना प्रश्न विचारून लाखोंच्या मनाविषयी बांधलेला अंदाज. त्यातून मिळतो तो कल.

कल आणि कौल हे शब्द उच्चाराने इतके जवळचे की वर्तमानपत्र वाचताना एकाच्या जागी दुसरा केव्हा येऊन बसतो ते आपल्या ध्यानातही येत नाही. या अदलाबदलीची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन नावाच्या एका राज्याच्या उदाहरणाने समजावून देण्याचा आज प्रयत्न करणार आहे. आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी आज त्या देशात नोकरी-व्यवसायानिमित्त राहत असतील, त्यांना यातील काही गोष्टी परिचित असतील. त्यांनी सांभाळून घ्यावे.

राष्ट्राध्यक्ष निवडतात ती राज्ये

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष सबंध देशातील मतांची एकत्र बेरीज करून निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक संख्येची निर्वाचक मते असतात. अशी एकूण मते ५३८. त्यांपैकी २७० मिळवणारा विजयी. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर राज्यात ज्याला एका मताने का होईना आघाडी मिळेल त्याच्या पदरात त्या राज्याची सर्व निर्वाचक मते पडतात. बहुतेक राज्यांचा निकाल आधीच ठाऊक असतो. कॅलिफोर्निया डेमोक्रॅटिक पक्षाकडे जाणार, वायोमिंग रिपब्लिकन पक्षाकडे जाणार, हे सांगायला चाचणीची गरज नाही. खरी झुंज होते ती मोजक्या राज्यांत. त्यांना तेथे 'स्विंग स्टेट' म्हणतात. आपण दोलायमान राज्ये म्हणू. २०२४ च्या निवडणुकीत अशी सात राज्ये मानली गेली : पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अॅरिझोना आणि नेव्हाडा.

या पद्धतीचा परिणाम २०१६ साली ठळकपणे दिसला. हिलरी क्लिंटन यांना देशभरात डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मते जास्त पडली, तरीही त्या पराभूत झाल्या. कारण पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही तीन राज्ये मिळून ७८ हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने ट्रम्प यांच्याकडे गेली.

मिशिगन सरोवराच्या काठचे विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचे राज्य. मिलवॉकी हे त्याचे मोठे औद्योगिक शहर, मॅडिसन ही विद्यापीठाची नगरी आणि राजधानी. या दोन्ही ठिकाणी डेमोक्रॅटिक पक्षाचे बळ. मिलवॉकीभोवतीची संपन्न उपनगरे परंपरेने रिपब्लिकन. उरलेला मोठा भाग लहान गावांचा आणि शेतीवाडीचा. या राज्याची १० निर्वाचक मते आहेत. २००० साली तेथे अल गोर ५,७०८ मतांनी जिंकले, २००४ साली जॉन केरी ११,३८४ मतांनी. २००८ आणि २०१२ साली बराक ओबामा यांनी ते सहज जिंकले. पुढे २०१६ साली ट्रम्प २२,७४८ मतांनी, २०२० साली जो बायडन २०,६८२ मतांनी आणि २०२४ साली पुन्हा ट्रम्प २९,३९७ मतांनी.

हे आकडे आपल्या १९६७ च्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. गोव्यात दोन्ही बाजूंची मिळून तीन लाख दहा हजार मते होती आणि अंतर ३४,०२१ चे, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. विस्कॉन्सिनमध्ये २०१६ साली एकूण मते सुमारे २९ लाख ७६ हजार आणि अंतर २२,७४८ चे, म्हणजे पाऊण टक्का. दर हजारातील चार मतदारांनी या बाजूचे मत त्या बाजूला दिले असते, तर निकाल फिरला असता. हजारातील ही चार माणसे चाचणीत सापडतील काय, हा खरा प्रश्न आहे.

शितावरून भाताची परीक्षा

नमुना चाचणीचे सारे तत्त्व आपल्या पूर्वजांनी एका म्हणीत सांगून ठेवले आहे : शितावरून भाताची परीक्षा. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी सगळे पातेले उपसावे लागत नाही. मात्र यात एक अट गृहीत आहे. शीत पातेल्याच्या कोणत्याही भागातून आलेले असले पाहिजे. वरचे कच्चे आणि तळचे करपलेले असेल, तर वरवरची चिमूटभर शिते कितीही तपासली तरी तळाची वार्ता कळणार नाही.

ही अट मोडल्याचे सर्वात गाजलेले उदाहरण १९३६ सालचे. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन यांचा विजय भाकीत केला. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते घेतले होते ते मुख्यतः दूरध्वनीधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या वर्षांत ही मंडळी सुस्थितीतील होती. शिवाय पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे लोक हे न घेणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, पण अधिक विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय सांगितला. नमुन्याच्या आकारापेक्षा त्याची निवड महत्त्वाची, हा धडा तेव्हापासून प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

निवड पूर्णपणे यदृच्छेने झाली, तरीही काही चूक उरतेच. नाणे शंभरदा उडवले तर बरोबर पन्नास छापे पडतीलच असे नाही. हजार माणसांच्या नमुन्यात ही अटळ चूक प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीत अधिक-उणे तीन इतकी धरतात. शंभरांपैकी पंचाण्णव वेळा खरा आकडा त्या मर्यादेत सापडतो. ही मर्यादा निम्म्यावर आणायची तर नमुना दुप्पट नव्हे, चौपट करावा लागतो. येथे एक बारकावा आहे आणि बातम्यांत तो बहुधा गळतो. तीन टक्क्यांची चूक एका उमेदवाराच्या आकड्याला लागू आहे. दोघांमधील अंतराला ती जवळजवळ दुप्पट, म्हणजे सहा टक्के लागू होते; कारण एकाचा आकडा चुकून वाढला की दुसऱ्याचा सहसा तेवढाच घटतो.

आता हिशेब करून पाहू. विस्कॉन्सिनमधील पाऊण टक्क्याचे अंतर केवळ नमुन्याच्या बळावर खात्रीने ओळखायचे, तर सुमारे ६५ हजार माणसांची चाचणी घ्यावी लागेल. प्रत्यक्षात राज्य पातळीवरील चाचणी सातशे-आठशे ते बाराशे-पंधराशे माणसांची असते. इंचांच्या खुणा असलेल्या पट्टीने केसाची जाडी मोजावी, तसाच हा प्रकार. पट्टी खोटी नसते; ती त्या कामासाठी नसते.

उत्तर न देणारा मतदार

येथवरचा भाग गणिताचा झाला, आणि गणितापुरती अडचण असती तर ती फार मोठी नव्हती. खरी अडचण माणसांची आहे.

नमुना पाहणीच्या शास्त्रात आपल्या देशाने मोलाची भर घातली आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांचे नाव सर्वश्रुत आहे. सातारा जिल्ह्यातून आलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना पद्धतीने कसा काढावा यावर पायाभूत काम केले आणि १९५४ साली त्यांचा नमुना पाहणीवरील इंग्रजी ग्रंथ जगभर अभ्यासला जाऊ लागला. परंतु पिकाची पाहणी आणि मतांची पाहणी यांत एक मूलभूत भेद आहे. यदृच्छेने निवडलेले शेत 'मला वेळ नाही' असे म्हणत नाही. मतदार म्हणतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या दूरध्वनी पाहण्यांत १९९७ साली शंभरातील ३६ जण उत्तर देत; २०१२ साली ९ आणि २०१८ साली अवघे ६. उरलेले चौऱ्याण्णव बोलणाऱ्या सहांसारखेच आहेत, असे मानण्यावाचून गत्यंतर नसते. ते तसे नसतील तर?

यावर उपाय म्हणून चाचणी घेणारे 'भार' देतात. त्याचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हजार उत्तरांपैकी ५०० पदवीधरांची आहेत आणि ५०० पदवी नसलेल्यांची. पदवीधरांत 'अ' उमेदवाराला ५५ आणि 'ब'ला ४० टक्के पसंती. बाकीच्यांत 'अ'ला ४२ आणि 'ब'ला ५३ टक्के. सरळ बेरीज केली तर 'अ' ४८.५ आणि 'ब' ४६.५, म्हणजे 'अ' दोन टक्क्यांनी पुढे. परंतु राज्यातील मतदारांत पदवीधर निम्मे नसून ३५ टक्केच असतील, तर त्या प्रमाणात भार द्यावा लागेल. तसा दिल्यावर 'अ' ४६.५५ आणि 'ब' ४८.४५. एकाही माणसाने आपले उत्तर बदललेले नाही. तरी आघाडी या बाजूची त्या बाजूला गेली.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी २०१६ साली घडले ते बरेचसे असेच. सुशिक्षित मतदार चाचण्यांना अधिक तत्परतेने उत्तरे देत होते आणि त्या वर्षी शिक्षणानुसार मतांची विभागणी पूर्वीपेक्षा तीव्र झाली होती. राज्य पातळीवरील अनेक चाचण्यांनी शिक्षणाचा भार दिलाच नाही. अमेरिकेतील जनमत संशोधकांच्या संघटनेने नंतर केलेल्या चौकशीत हे एक प्रमुख कारण ठरले. दुसरे कारण म्हणजे शेवटच्या आठवड्यात मन ठरवणारे मतदार. विस्कॉन्सिनमध्ये ते मोठ्या प्रमाणात ट्रम्प यांच्याकडे वळले.

त्यातही विस्कॉन्सिनची स्वतःची एक अडचण आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदार नोंदणी करताना आपला पक्ष लिहून देतो. त्यामुळे नमुन्यात कोणत्या पक्षाची माणसे जास्त आली ते ताडून पाहता येते. विस्कॉन्सिनमध्ये पक्षवार नोंदणी नाही. शिवाय तेथे मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवून मत देता येते. म्हणजे पातेल्यात भात किती, हेही आधी निश्चित ठाऊक नाही.

प्रत्यक्ष मतदानाला कोण जाणार, हाही अंदाजच. २०१६ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एक उद्बोधक प्रयोग केला. फ्लोरिडा राज्यातील ८६७ मतदारांची एकच कच्ची माहिती त्याने निरनिराळ्या नामवंत चाचणीकारांकडे सोपवली. उत्तरे तीच, माणसे तीच. परंतु एकाच्या हिशेबाने क्लिंटन चार टक्क्यांनी पुढे, तर दुसऱ्याच्या हिशेबाने ट्रम्प एक टक्क्याने पुढे. या पाच टक्क्यांत नमुन्याच्या चुकीचा संबंधच नव्हता. तो भेद केवळ निर्णयांचा होता.

चुकीच्या वाचनाची किंमत

विस्कॉन्सिनमधील सर्वात प्रतिष्ठित चाचणी मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठातील विधी महाविद्यालय २०१२ पासून घेत आले आहे. पहिल्याच वर्षी तिने ओबामा यांची आठ टक्क्यांची आघाडी सांगितली. निकाल सुमारे सात टक्क्यांचा लागला. तिची पत वाढली. २०१६ च्या ऑक्टोबरअखेर याच चाचणीने क्लिंटन ४६ आणि ट्रम्प ४० असा आकडा दिला. क्लिंटन पुढे असल्याचे इतर चाचण्याही सांगत होत्या आणि १९८८ पासून प्रत्येक राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत हे राज्य डेमोक्रॅटिक पक्षाकडेच गेले होते. कल पाहून कौल गृहीत धरला गेला. पक्षाची उमेदवारी अधिकृतपणे मिळाल्यानंतर निवडणुकीपर्यंत श्रीमती क्लिंटन विस्कॉन्सिनमध्ये एकदाही प्रचाराला गेल्या नाहीत. त्या गेल्या असत्या तर निकाल वेगळा लागला असता, असे कोणी ठामपणे म्हणू शकणार नाही. परंतु हजारात चार मतांनी निर्णय होणारे राज्य सुरक्षित समजले गेले, एवढे खरे. आणि तो समज दृढ करण्यात चाचण्यांच्या आकड्यांचा वाटा होता.

२०२० साली शिक्षणाचा भार बहुतेकांनी दिला. तरी चूक घटली नाही. मतदानाच्या आठवडाभर आधी एका राष्ट्रीय वृत्तपत्राने आणि वाहिनीने मिळून घेतलेल्या चाचणीत बायडन विस्कॉन्सिनमध्ये १७ टक्क्यांनी पुढे दाखवले गेले. ते जिंकले दोन-तृतीयांश टक्क्याहूनही कमी अंतराने. राष्ट्रीय पातळीवरील चाचण्यांची चूक गेल्या ४० वर्षांतील सर्वात मोठी होती, असा निष्कर्ष संशोधकांच्या संघटनेने काढला आणि नेमके कारण उपलब्ध माहितीवरून सिद्ध करता येत नाही, अशी प्रांजळ कबुलीही दिली.

आता मार्क्वेट चाचणीचे शेवटचे दोन अंदाज शेजारी ठेवू. २०२० साली तिने बायडन यांना ४८ आणि ट्रम्प यांना ४३ टक्के दिले, बायडन जिंकले. २०२४ साली तिने कमला हॅरिस यांना ५० आणि ट्रम्प यांना ४९ टक्के दिले, ट्रम्प जिंकले. आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील की पहिली चाचणी बरोबर ठरली आणि दुसरी चुकली. परंतु अंतराचा विचार करा. २०२० साली पाच टक्के सांगितले होते, निघाले ०.६३, म्हणजे चूक चार टक्क्यांहून अधिक. २०२४ साली हॅरिस एका टक्क्याने पुढे सांगितल्या होत्या, ट्रम्प ०.८६ टक्क्याने पुढे निघाले. म्हणजे चूक दोन टक्क्यांहूनही कमी. मोजमाप म्हणून दुसरी चाचणी पहिलीपेक्षा कितीतरी सरस होती. विजेत्याचे नाव जुळले म्हणून वाईट मोजमापाची वाहवा आणि जुळले नाही म्हणून चांगल्या मोजमापाची हेटाळणी, असे आपण करतो. कारण आपल्याला कल नको असतो, कौल हवा असतो.

मग चाचण्या कशासाठी?

मग चाचण्या निरुपयोगी आहेत काय? मुळीच नाही. मतदान हे फक्त 'कोण' एवढेच सांगते. 'का' ते सांगत नाही. महागाई मतदाराला किती जाचते, कोणत्या वयाचे व कोणत्या थरातील लोक कोणत्या प्रश्नावर काय म्हणतात, गेल्या वर्षापेक्षा मत कोठे सरकले, हे चाचणीवाचून कळण्याचा दुसरा चांगला मार्ग नाही. निवडून आलेला नेता 'सारी जनता माझ्या पाठीशी आहे' असे म्हणू लागला, तर ते पडताळून पाहण्याचे साधनही चाचणीच. अशा प्रश्नांत ६० विरुद्ध ३५ असे अंतर असते आणि तेथे तीन-चार टक्क्यांच्या चुकीने काही बिघडत नाही. बिघडते ते दोलायमान राज्यात, जेथे अंतर पाऊण टक्क्याचे असते.

म्हणून यापुढे चाचणीचा आकडा वाचताना काही साधे प्रश्न मनाशी विचारावेत. किती माणसांना विचारले, याआधी कोणाला आणि कसे विचारले? शिक्षण, वय, वस्ती यांचा भार दिला काय? दोघांतील अंतर चुकीच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे काय? चाचणी एकटी आहे की इतर चाचण्याही तेच सांगतात? आणि सर्वांनी एकाच दिशेने चूक केली असण्याची शक्यता आहे काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निकालापूर्वी कोणीच देऊ शकत नाही. २०१६ आणि २०२० या दोन्ही वर्षी ते 'होय' असे निघाले.

आपल्या देशात मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचण्यांचे निष्कर्ष दाखवता येत नाहीत आणि मतदानोत्तर चाचण्यांवर शेवटच्या टप्प्यापर्यंत बंदी असते. अमेरिकेत असा कायदा नाही. परंतु कायद्याने आकडा दोन दिवस थांबवता येतो, तो वाचण्याची दृष्टी देता येत नाही. २०२४ च्या जूनमध्ये आपल्याकडील बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. ती दृष्टी द्यायची तर ती शाळेच्या गणिताच्या तासालाच द्यावी लागेल. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्यासारख्या शिक्षकांचे हे खरे काम होय.

'आमच्याकडे निकाल ठरलेलाच आहे' असे म्हणून घरी बसणारा मतदार विस्कॉन्सिनमध्ये असतो तसा आपल्याकडेही असतो. त्याने कल वाचलेला असतो आणि त्यालाच कौल समजून तो स्वस्थ बसलेला असतो. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान केंद्रावर रांगेत उभे राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी, मग त्यांचे मत फुलाला असो वा दोन पानांना, ही गफलत केली नाही. कल दुसऱ्याकडून ऐकता येतो. कौल मात्र स्वतः जाऊनच द्यावा लागतो.